पट्टा ठेवून घेतला, कुत्रं दिलं

आमच्या रॉकेटला जिना माहीतच नव्हता. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, कुत्र्याला जिना माहीत नसतो म्हणजे काय ओ? तर नसतो. जन्मापासून शेतात बाभळीला बांधलेलं, फक्त पळायला सोडायचं आणि परत बांधायचं, अशा शर्यतीच्या कुत्र्यानं पायरी बघणार कुठं. आम्ही जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट आहे पण तिचं काही खरं नसतं, आणि हे २६ किलोचं लांबडं जनावर, सुटलं तर मोटारसायकलच्या बरोबरीनं पळणारं, पहिल्या पायरीपुढं असं थिजून उभं राहिलं की जणू समोर आड आहे. पहिले पाच दिवस मी आणि मिस्टर दोघांनी उचलून वर नेलं, दिवसातून तीन वेळा, आणि शेजारच्या काकू रोज दार उघडून विचारायच्या, आजारी आहे का गं?

शिकवायची एक पद्धत आहे, ती सांगते, कारण कुणीतरी घेऊन आलं असं कुत्रं तर उपयोगी पडेल. खालून सुरुवात करायची नाही. त्याला उचलून वरच्या दोन पायऱ्या राहिल्या असतील तिथं ठेवायचं, म्हणजे घर समोर दिसतं आणि चढायला दोनच राहतात. एकानं पुढं उकडलेल्या अंड्याचा तुकडा धरायचा, दुसऱ्यानं मागून एकेक पाय हातानं उचलून पायरीवर ठेवायचा, पुढचा डावा, मागचा उजवा, असं. दुसऱ्या दिवशी तीन पायऱ्या, मग पाच. उतरायला त्याहून जास्त वेळ लागतो कारण उतरताना कुत्र्याला खाली सगळं खोल दिसतं. सहाव्या दिवशी साहेब आपले आपण चढले, आणि वर पोचल्याच्या आनंदात बाल्कनीच्या काचेच्या दाराला जाऊन थाडकन धडकले, कारण काच पण माहीत नव्हती. त्या दारावर अजून मी खाकी टेपच्या पट्ट्या लावून ठेवल्यात.

तर मुद्दा असा की शर्यतीतनं रिटायर झालेलं कुत्रं घरात पाळावं का. मी म्हणते पाळावं, आणि पिल्लू विकत घेण्यापेक्षा तेच जास्त सोयीचं. पण दया येते म्हणून अजिबात पाळू नये. दया येऊन आणलेलं कुत्रं पंधरा दिवसांत परत जातं, मी बघितलंय. हे जरा विचित्र वाटेल, पण सांगते.

आधी रॉकेट आला कसा ते. माझ्या दिरांची शेती दक्षिण सोलापूर तालुक्यात, पार कर्नाटकाच्या हद्दीला लागून, गावातले निम्मे लोक घरात कन्नडच बोलतात. तिकडं कारवान कुत्री पूर्वीपासून, बारीक कंबर, लांब तोंड, पोट आत गेलेलं, शहरातल्या माणसाला वाटतं उपाशी ठेवलंय. कुणी कारवान म्हणतं, कुणी मुधोळ, केसाळ असलं तर पश्मी. इंग्लंडातल्या ग्रेहाउंडचं लांबचं भावकीतलंच जनावर, वासावर नाही तर डोळ्यांनी बघून शिकारीमागं जाणारं. रॉकेटचा मालक गावात पंक्चर काढतो. वाईट माणूस नाही हां, हे मुद्दाम सांगते. सीझनला त्यानं त्याला दूध पाजलं, अंडी घातली, स्वतःच्या पोरांना मिळत नसेल तेवढा खिमा घातला. दोन ढाली जिंकल्या. मग चौथ्या वर्षी एका शर्यतीत ढेकळात पाय अडकून बोट मोडलं, ते वाकडंच जुळलं, आणि त्या दिवसापासून खिमा बंद आणि कडक भाकरी पाण्यात भिजवून सुरू. आम्ही गेलो तेव्हा म्हणाला, "घेऊन जावा की वहिनी, न्हाईतर कुठंतर सोडून यावं लागतंय." आम्ही हो म्हणालो तर त्यानं खाली बसून त्याच्या गळ्यातला पट्टा सोडला आणि खिशात घातला. म्हणाला पट्टा ऱ्हाऊ द्या, लकी हाय तो. मी माझी ओढणी त्याच्या गळ्यात बांधून गाडीत घातला त्याला.

ह्या शर्यती ज्यांनी बघितल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. जत्रेला किंवा कुणाच्या वाढदिवसाला माळावर नाहीतर काढणी झालेल्या रानात पट्टा आखतात. एका टोकाला मोटारसायकल डबल स्टँडवर, मागच्या चाकाचं टायर काढलेलं, त्या रिमवर दोरी गुंडाळत जाते आणि दोरीच्या टोकाला चिंधी किंवा कातड्याचा तुकडा. पोरगं ॲक्सिलरेटर पिळतं की चिंधी सुसाट सुटते आणि कुत्री तिच्यामागं. तीनेकशे मीटर, वीसेक सेकंदांत खेळ खलास, आणि त्या वीस सेकंदांसाठी मोठ्ठाले फ्लेक्स, त्यावर गॉगल घातलेले मालक, कुत्र्याचा फोटो कोपऱ्यात बारका. बघायला भारी असतं हे मान्य करते, एका ढांगेत चारी पाय दोनदा जमिनीवरनं सुटतात, कुत्रं पळतंय का उडतंय कळत नाही. काही ठिकाणी चिंधीच्या जागी जिवंत ससा सोडतात, तो मात्र सरळ सरळ गुन्हा आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं सशाची शिकार बंद आहे, त्यात हौस-परंपरा काही चालत नाही.

आता परदेशात हा सगळा प्रकार मोठ्या धंद्याच्या लेव्हलला. ब्रिटनमधे १९२६ साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला यांत्रिक सशामागं गोल ट्रॅकवर ग्रेहाउंड पळवायला सुरुवात झाली आणि सट्ट्याच्या जोरावर ते प्रचंड वाढलं. कुत्रं साधारण दीड वर्षाचं झालं की ट्रॅकवर, चार-पाच वर्षांचं झालं की संपलं. जगतं मात्र बारा-तेरा वर्षं. म्हणजे आयुष्याचा मोठा हिस्सा रिटायर होऊनच काढायचा असतो, आणि तो कुठं काढायचा हा प्रश्न तिकडं कितीतरी वर्षं कुणी विचारलाच नाही, नको असलेली कुत्री मारून टाकायचे. गोल ट्रॅकवर सगळी वळणं डावीकडं, त्यामुळं बाहेरच्या बाजूच्या, म्हणजे उजव्या मागच्या पायाच्या घोट्यावर ताण येतो आणि तिथलंच हाड मोडतं. आपल्याकडं शर्यत सरळ पट्ट्यात, त्यामुळं तो घोटा वाचतो पण ढेकळं, दगड, काचा ह्यांनी बोटं जातात.

मग हळूहळू लोकांनी ही कुत्री घरी न्यायला सुरुवात केली आणि तिथं एक गंमत झाली. लोकांना वाटत होतं शर्यतीचं कुत्रं म्हणजे घरभर पळणार, सोफा फाडणार. निघालं उलटंच. दिवसाला सोळा-सतरा तास झोपतं. भुंकणं जवळजवळ नाही. अंगाला वास नाही. लहानपणापासून ट्रेनर, डॉक्टर, वजन करणारे असे दहा माणसांचे हात लागलेले असतात त्यामुळं कुणी हात लावला तर कटकट नाही. आणि पुढं काय झालं बघा, अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात २०१८ च्या नोव्हेंबरमधे मतदान झालं, ६९ टक्के लोकांनी शर्यती बंद करा म्हणून मत दिलं, ३१ डिसेंबर २०२० ला त्या बंद झाल्या. आधी भीती होती की हजारो कुत्री रस्त्यावर येतील. तसं झालं नाही, उलट आता तिकडं शर्यती फक्त वेस्ट व्हर्जिनियात दोन ट्रॅकवर उरल्यात आणि रिटायर ग्रेहाउंड पाहिजे असेल तर लोकांना नंबर लावून थांबावं लागतं. चीनमधल्या मकावचा कुत्र्यांचा ट्रॅक २०१८ ला बंद झाला तेव्हा पाचशेच्या वर कुत्री मागं राहिली होती, त्यांना वेगवेगळ्या देशांत घरं मिळाली. न्यूझीलंडच्या सरकारनं २०२४ च्या डिसेंबरमधे जाहीर केलं की २०२६ च्या जुलैपर्यंत हे सगळं थांबवायचं.

नंबर लावून थांबणारे हे लोक काही रडत रडत कुत्रं न्यायला येत नाहीत. त्यांना पक्कं कळलंय की कामावरनं येणाऱ्या, फ्लॅटमधे राहणाऱ्या माणसाला हे कुत्रं परवडतं. माझं म्हणणं तेवढंच आहे.

आपल्याकडं मात्र डोक्यात पक्कं बसलंय की पिल्लू आणावं, मोठ्या कुत्र्याला लळा लागत नाही. हे कुणी सांगितलं काय माहीत. लागत नाही म्हणजे काय? रॉकेटला आमच्याकडं येऊन आठ दिवस झाले नव्हते तोवर संध्याकाळी माझ्या स्कूटीचा हॉर्न ओळखायला लागला होता. आणि पिल्लाचं कौतुक करणाऱ्यांनी पिल्लू खरंच वाढवलंय का? तीन महिने रात्री दोनला उठून पुसायचं, चपला, रिमोट, पोरांच्या वह्या सगळं चावलेलं, पार्वो नावाच्या रोगानं चार दिवसांत जातं की राहतं त्याची धाकधूक, आणि मोठं झाल्यावर कसं निघेल ते कुणालाच माहीत नाही. चार वर्षांच्या कुत्र्याचं सगळं समोर असतं. केवढं आहे, कसं आहे, चावरं आहे की शांत, बघून घ्यायचं. स्थळ बघताना मुलाची नोकरी विचारता ना, मग इथं नुसतं गोंडस थोबाड बघून पंधरा-वीस हजार कसे काय देता?

आणि सोलापुरात हस्की पाळणाऱ्यांना तर माझा कोपरापासून नमस्कार. ४४ डिग्रीत ते बर्फातलं कुत्रं एसीपुढं जीभ काढून पडलेलं असतं, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, त्यातनं त्याला आंघोळी घालायच्या. आमच्या रॉकेटला दोन महिन्यांतनं एकदा ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. एक बादली.

बरं, नुसतं गोड गोड सांगून कुणाला फसवायचं नाहीय. ह्या कुत्र्याची गैरसोय काय ते पण सांगते, आणि ही जरा नीट वाचा कारण कुत्री परत जातात ती ह्याच्यामुळंच.

एक तर त्याला मोकळं सोडता येत नाही. कधीच नाही. बाकीची कुत्री हाक मारली की येतात, हे समोर मांजर दिसलं की बहिरं होतं, तेव्हा त्याला नाव पण आठवत नाही स्वतःचं. घरात मांजर असेल, पामेरियनसारखं बारकं कुत्रं असेल, कोंबड्या असतील तर आणूच नका, किंवा आधी तोंडाला जाळी घालून महिनाभर बघा. काही कुत्री मांजराशी जुळवून घेतात, आमचा घेत नाही. दुसरं, झोपेत हात लावायचा नाही. आयुष्यभर एकटं झोपलेलं असतं, अंगाला काही लागलं की दचकून दात दाखवतं, काही तर डोळे उघडे ठेवून झोपतात त्यामुळं जागं आहे असंच वाटतं. पोरांना शिकवायचं, आधी नावानं हाक मारा, मान उचलली की मगच जवळ जा. आमच्या धाकटीला हे दोन दिवसांत कळलं, मिस्टरांना कळायला महिना लागला.

आणि पट्टा. ह्या कुत्र्यांची मान डोक्यापेक्षा जाड असते, साधा पट्टा कानावरनं सटकन निघतो. हे मला दिवाळीत कळलं. नरक चतुर्दशीला पहाटे साडेपाचला खाली नेला होता, शेजारच्या बिल्डिंगमधे कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला, रॉकेटनं मागं झटका दिला आणि माझ्या हातात साखळी आणि रिकामा पट्टा. मी अभ्यंगस्नान न करता, गाउनवर, विजापूर रोडवर स्कूटीवर फिरतेय, ज्याला त्याला विचारतेय बारीक कुत्रं बघितलं का, एकजण म्हणाला बारीक का जाड बघायला दिसलं पाहिजे ना ताई, काहीतरी गेलं बघा आत्ता इथनं. तीन तासांनी एका फुलवाल्या मावशीच्या हातगाडीखाली सापडला, झेंडूच्या पोत्यावर. पायाचं कातडं चार ठिकाणी फाटलेलं, कारण ह्यांचं कातडं कागदासारखं पातळ, आणि अंगावर चरबी नाहीच. चूक माझी होती. आता मोच्याकडनं दोन इंच रुंद पट्टा करून घेतलाय, आत फडकं लावलेलं, ओढला की आवळतो आणि सोडला की सैल होतो, पण निघत नाही.

चरबी नसल्यामुळं अजून दोन गोष्टी. थंडी वाजते, आपल्या सोलापूरची डिसेंबरची थंडी ती काय, पण हा कुडकुडतो. माझं युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे, शाळेच्या मरून स्वेटरच्या कापडाचे तुकडे उरले होते त्याचा कोट शिवला, बगलेत वेल्क्रो, आता बिल्डिंगमधली पोरं त्याला "सातवी ब" म्हणतात. अंथरायला सोलापुरी चादर चार पदरी घडी करून, कारण फरशीवर झोपला की कोपरांना घट्टे पडतात. आणि दुसरी गोष्ट महत्त्वाची, भूल. ह्या जातीच्या अंगातनं थायोपेंटोनसारखी भुलीची औषधं लवकर उतरत नाहीत, नेहमीच्या कुत्र्याच्या हिशोबानं डोस दिला तर तासन् तास उठत नाही, कधी उठतच नाही. नसबंदीला नेताना डॉक्टरांना आठवण करून द्यायला लाजू नका, चांगला डॉक्टर रागावत नाही.

उन्हाळ्यात फिरवणं पहाटे साडेपाच आणि रात्री नऊनंतर. डांबर तापलेलं असतं, आपला तळहात पाच सेकंद टेकवून बघायचा, टेकवत नसेल तर कुत्र्यानं कसं चालायचं त्यावर.

एवढं सगळं वाचून ज्याला वाटतंय की हे आपल्याला जमेल त्यानं आणावं. ज्याला वाटतंय की जमणार नाही पण बिचारं किती वाईट हालत आहे त्याची, त्यानं आणू नये. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी असंच एक आणलं होतं, पहिल्या दिवशी हार घालून ओवाळून फोटो, चौदाव्या दिवशी फोन, अहो हे तर आमच्याकडं बघत पण नाही हो, एवढं केलं तरी. म्हणजे त्या कुत्र्यानं आभार मानायचे होते. दयेचा हा हिशोब असतो, समोरच्यानं रोज थोडं थोडं फेडत राहायचं. सोयीनं आणलेल्या कुत्र्यानं नुसतं झोपलं तरी चालतं.

आता माझे सासरे. ते मिलमधे विव्हिंगला होते, मिल बंद पडली तेव्हा वय ४६. मी रॉकेटला आणला त्या दिवशी त्यांनी काही म्हटलं नाही, चार दिवसांनी जेवताना म्हणाले, "आम्हाला काढलं तवा आम्हाला कुणी ऍडॉप्ट केलं नाही बे." सुनेला बे म्हणत नाहीत ते, तेव्हा म्हणाले. मी गप्प बसले. हा युक्तिवाद लोक नेहमी करतात, माणसं उपाशी आणि तुम्ही कुत्र्याचे लाड करताय, आणि बहुतेक वेळा तो करणारा उपाशी माणसासाठी पण काही करत नसतो म्हणून मी उडवून लावते. पण सासऱ्यांचं तसं नव्हतं, त्यांनी खरंच भोगलेलं. मग दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, लोक तेव्हा कपडे द्यायचे, धान्य द्यायचे, गणपती मंडळानं वह्या दिल्या पोरांना, मला लाज वाटायची, मला वह्या नको होत्या, माझं देणं पाहिजे होतं. ग्रॅच्युइटीसाठी किती वर्षं चकरा मारल्या ते त्यांनाच माहीत.

माझं डोकं तिथं चालायला लागलं. कारण हे कुत्र्याला पण लागू आहे, शब्दाशब्दानं. पळवलं कुणी, ढाली कुणी घेतल्या, फ्लेक्सवर गॉगल घालून कोण उभं राहिलं? मग उरलेल्या आठ वर्षांचं देणं कुणाचं? आणि आपण काय करतो, आपण शहरातली चार हळवी माणसं जाऊन ती कुत्री उचलून आणतो आणि मालकाला पुढचं पिल्लू आणायला जागा मोकळी करून देतो. दत्तक घेणाऱ्यांनी फुकटातला उकिरडा व्हायचं का? मी घेतलाय रॉकेट, परत घेईन, पण हा प्रश्न सुटत नाही त्यानं.

ब्रिटनमधे ह्यावर एक साधा उपाय केलाय, २०२० पासून. कुत्र्याचं शर्यतीसाठी रजिस्ट्रेशन करतानाच सुरुवातीला ४०० पौंडांचं बाँड, निम्मे मालकाचे आणि निम्मे त्यांच्या ग्रेहाउंड बोर्डाचे. कुत्रं रिटायर झालं की ते पैसे त्याला घर शोधून देणाऱ्या केंद्राला मिळतात. पुरेसं आहे असं नाही, तिकडं पण त्यावर भांडणं आहेतच, वेल्स सरकारनं तर २०२५ च्या सुरुवातीला शर्यतीच बंद करायचं ठरवलंय. पण कल्पना समजायला सोपी आहे. गॅसच्या सिलिंडरला आपण डिपॉझिट भरतो की नाही? लोखंडाच्या टाकीला डिपॉझिट आणि जिवंत जनावराला काही नाही.

आपल्याकडं काय? १९६० चा प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा आहे, जनावर उपाशी मरेल अशा अवस्थेत सोडून देणं हा त्यात गुन्हा आहे, आणि पहिल्यांदा केला तर दंड किती, दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज दोन प्लेट भजी येत नाहीत. बैलगाडा शर्यतीला सुप्रीम कोर्टानं १८ मे २०२३ ला मान्यता कायम ठेवली, पण तिथं निदान कलेक्टरची परवानगी आणि नियम तरी आहेत कागदावर. कुत्र्यांच्या शर्यतीत पावती फाटते ती मंडळाची. त्याच पावतीबरोबर एंट्रीला येणाऱ्या प्रत्येक नव्या कुत्र्यामागं, समजा दोन हजार रुपये, डिपॉझिट घ्या, कुत्र्याला चिप बसवा म्हणजे कुणाचं कुठलं कळेल, आणि कुत्रं थांबलं की जो घेईल त्याच्याकडं ते पैसे जाऊ द्यात, लस आणि नसबंदी तरी होईल त्यातनं. गावातली पोरं म्हणतील गरिबाचा खेळ बंद पाडायला निघाली ही बाई. अरे पण फ्लेक्स दोन हजाराला होतो, तो परवडतो ना.

नाहीतर ते कुत्रं सोडून दिलं जातं आणि सोडतात कुठं, माळावर. आपल्याकडं माळ म्हणजे रिकामी जागा असंच सगळ्यांना वाटतं. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ पासून माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य आहे, माळढोक आता दिसणं मुश्किल पण काळवीट आहेत, लांडगे आहेत, ससे आहेत, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत. जे कुत्रं आयुष्यभर पळणाऱ्या वस्तूमागं सुटायला शिकवलंय ते तिथं सोडलं तर काय करणार, चिंधी शोधत बसणार का? कुत्र्याचे रोग लांडग्याला लागतात ते वेगळंच. आणि गावाजवळ सोडलं तर रस्त्यावरची टोळी त्याला फाडते, ह्याला भांडता येत नाही, फक्त पळता येतं, आणि पाय मोडलेला.

एक प्रश्न मला हमखास विचारतात, रस्त्यावर एवढी देशी कुत्री असताना हे कशाला. बरोबर आहे की, देशी घ्या. तुमच्याकडं मांजर असेल, दार सतत उघडं राहणारं घर असेल, तर देशीच घ्या, ते चार पिढ्या ट्रॅफिक बघून शहाणं झालेलं असतं. मी काही कारवानची एजन्सी घेतलेली नाही.

मुधोळचा अभिमान मात्र सगळ्यांना भारी. विजापूर ओलांडून पुढं गेलं की मुधोळ, तिथल्या मालोजीराव घोरपड्यांनी इंग्लंडच्या राजाला जोडी भेट दिली ही गोष्ट प्रत्येकाला पाठ. २००५ ला पोस्टानं तिकीट काढलं. मुधोळजवळच्या तिम्मापूरला ह्या जातीसाठी संशोधन केंद्र आहे, आर्मीनं २०१६ मधे पिल्लं ट्रेनिंगला नेली, पंतप्रधानांनी २०२० ला मन की बातमधे नाव घेतलं. सगळं खरं, पण ते सगळं पिल्लाचं आणि पळणाऱ्याचं कौतुक. बोट मोडून लिंबाखाली पडलेल्याचं तिकीट कोण काढतंय.

तर गेल्या महिन्यात त्या पंक्चरवाल्याचा फोन आला. त्याच्याकडं अजून एक मादी, राणी, पाच वर्षांची, आता दम धरत नाही. "वहिनी, अजून एक घेता का?" माझ्या युनिटमधले कटिंग मास्तर, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ते रॉकेटला बघून कधीचे मागं लागलेत, तळमजल्यावर राहतात, मांजर नाही, बायकोचा पण होकार. मी म्हटलं घेतो, पण दोन हजार डिपॉझिट लागतंय. तो हसला, मला वाटलं चेष्टा समजला. मग म्हणाला वहिनी मी कुत्रं फुकट देऊलालो आणि वर पैसे पण मीच द्यायचे? मी म्हटलं हो, ढाली तुमच्याकडं आहेत ना. फोन ठेवून दिला त्यानं.

आठ-दहा दिवसांनी रविवारी सकाळी टमटममधनं आला, राणी आणि अर्धं पोतं शाळू. दोन हजार न्हाईत ओ, म्हणाला, ह्यावर भागवा. अण्णांनी हातात घेऊन दाणा बघितला, दाताखाली फोडला, तेलुगूत बायकोला काहीतरी म्हणाले आणि पोतं आत नेलं. राणी पायरीपुढं थांबली, तीनच पायऱ्या होत्या, अण्णांनी खिशातनं अंडं काढलं, त्यांना मी सांगूनच ठेवलं होतं. पंक्चरवाला हे सगळं बघत उभा होता. मग खाली बसला, राणीच्या गळ्यातला पट्टा सोडला आणि खिशात घातला. मी काही बोलले नाही, मोच्याकडनं नवीन आधीच करून आणला होता.